मॅकबुकच्या वाड्यात लिनक्सचे बिऱ्हाड

माझ्या मॅकबुक एअरचे पॉवर बटण एकदा दाबून सोडले की फेडोरा लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होते. तेच बटण दाबून धरले की काही क्षण काहीच घडत नाही, मग पडद्यावर एक बारीक ओळ उमटते आणि शेजारी शेजारी दोन डिस्क दिसू लागतात, एक ॲपलच्या स्वतःच्या मॅकओएसची आणि एक लिनक्सची. दाबणे आणि दाबून धरणे यांतला हा फरक कोणाच्या नजरचुकीने राहिलेला नाही, तो विचारपूर्वक ठेवलेला आहे, हे समजायला मला बराच काळ लागला.

‘मग मॅक घेतलाच कशाला?’ हा प्रश्न मला घरच्यांनी, कामावरच्या लोकांनी आणि जुन्या लिनक्सवाल्या मित्रांनीही विचारला आहे, आणि तो रास्त आहे. ज्याला केवळ लिनक्स चालवण्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे त्याने हा घेऊ नये, असेच मी सांगतो. मी तो २०२१ साली घेतला तो पंखा नसलेले आणि दिवसभर चार्जर न मागणारे यंत्र हवे होते म्हणून. त्यावर लिनक्स चालवण्याचा विचार तेव्हा माझ्यासारख्या सामान्य वापरकर्त्याने करण्यात अर्थच नव्हता. पुढे कामावर दिवसभर फेडोरा आणि घरी संध्याकाळी मॅकओएस असा दुहेरी संसार दोन वर्षे केल्यावर बोटे दोन्हीकडे चुकीच्या कळा दाबू लागली. डिसेंबर २०२३ मध्ये फेडोरा आसाही रिमिक्स, म्हणजे अशा मॅकसाठी घडवलेले फेडोरा, सर्वांसाठी उपलब्ध झाले, आणि मी बिऱ्हाड हलवले.

चारचौघांच्या लॅपटॉपवर लिनक्स सहज चालते, याचे कारण त्यांचे निर्माते फार उदार असतात असे नाही. तिथे यूईएफआय आणि एसीपीआय अशी ठरलेली मानके असतात, म्हणजे यंत्र सुरू होताना आपल्या पोटात काय काय आहे याची यादी फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरलेले मूळ सॉफ्टवेअर, स्वतःच ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देते. आणि आतले बरेचसे सुटे भाग अशा कंपन्यांचे असतात, ज्यांना तेच भाग सर्व्हरसाठी आणि क्रोमबुकसाठीही विकायचे असल्यामुळे लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ चिप बाजारात आणली तेव्हा यातले काहीही हाताशी नव्हते. प्रोसेसरचा सूचनासंच आर्मचा, म्हणजे ओळखीचा. पण त्याच्या भोवतीचे सगळे, अगदी सुट्या भागांच्या हाका प्रोसेसरपर्यंत पोचवणाऱ्या इंटरप्ट कंट्रोलरपासून, आयफोनच्या कुळातले होते आणि त्याचा एकही तांत्रिक कागद बाहेरच्यांसाठी नव्हता.

आयफोनचे कूळ म्हटल्यावर पहिली धास्ती होती ती कुलपाची. आयफोनवर ॲपलची डिजिटल सही नसलेली ऑपरेटिंग सिस्टीम चालू होतच नाही. मॅकच्या बाबतीत मात्र कंपनीने निराळा निर्णय घेतला. इथे बसवलेल्या प्रत्येक सिस्टीमसाठी सुरक्षेचे धोरण स्वतंत्र ठेवता येते, आणि यंत्राच्या मालकाने रिकव्हरी या दुरुस्तीच्या अवस्थेत जाऊन, आपला पासवर्ड देऊन, एका सिस्टीमपुरते ते शिथिल केले तर सही नसलेला कर्नलही, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभाही, राजरोस चालतो, आणि शेजारच्या मॅकओएसच्या सुरक्षेला त्याने धक्का लागत नाही. बटण दाबून धरण्याची अट याचसाठी आहे, कारण एखादे सॉफ्टवेअर कितीही लबाड असले तरी त्याला बोट नसते. बटण दाबून धरायला यंत्रापाशी माणूसच बसलेला असावा लागतो. बंद हार्डवेअरविषयी बोलताना आपण सगळा दोष कुलपाला देतो, पण या वाड्याच्या दिंडीदरवाजाला कुलूप नव्हतेच. आत कोणती खोली कुठे आहे, हे मात्र कोणी सांगणार नव्हते.

हा नकाशा काढण्याचे काम जानेवारी २०२१ मध्ये हेक्टर मार्टिन यांनी लोकवर्गणीतून सुरू केले. वी आणि प्लेस्टेशन ४ यांसारख्या बंदिस्त खेळयंत्रांवर खुले सॉफ्टवेअर चालवून दाखवण्याबद्दल ते आधीच प्रसिद्ध होते. प्रकल्पाचे नाव आसाही लिनक्स. जपानीत आसाही म्हणजे उगवता सूर्य, आणि ज्या मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदावरून मॅकला नाव मिळाले त्या जातीचे जपानमधले नावही आसाहीच. इतके चपखल नाव मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात क्वचितच सापडते. एरवी आपल्याकडची नावे म्हणजे आद्याक्षरांची खिचडी असते.

नकाशा काढण्याची त्यांची रीत मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडते. आजीला लाडवांचे प्रमाण विचारले की ती ‘अंदाजाने’ म्हणते, आणि मग शेजारी उभे राहून तिची मूठ किती भरते ते मोजण्याखेरीज उपाय उरत नाही. इथेही नेमके तेच केले गेले. एम१एन१ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. तो एरवी लिनक्सच्या आधी सुरू होऊन ॲपलच्या पद्धतीची हार्डवेअरची यादी लिनक्सला समजेल अशा डिव्हाइस ट्रीमध्ये उतरवून देतो. पण त्याचा दुसरा अवतार हायपरव्हायझरचा आहे: खुद्द मॅकओएस त्याच्या पोटात चालवायचे आणि ते हार्डवेअरच्या कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिते, कोणता वाचते, याची नोंद केबलने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यायची. मॅकओएस चिरून त्यातला कोड वाचायचा नाही, फक्त त्याचे वागणे पाहायचे आणि त्यावरून स्वतःचा ड्रायव्हर लिहायचा. हा भेद कायद्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५२ खाली, हक्काने बाळगलेला प्रोग्रॅम वापरत असताना त्यामागची तत्त्वे समजून घेण्यासाठी त्याचे निरीक्षण व परीक्षण करणे, आणि दुसरीकडे सहज न मिळणारी माहिती आपला स्वतंत्र प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवण्यापुरती मिळवणे, या गोष्टी कॉपीराइटचा भंग मानलेल्या नाहीत.

जून २०२१ मध्ये लिनक्स ५.१३ बरोबर एम१ साठीचा प्राथमिक आधार मुख्य कर्नलमध्ये गेला आणि मार्च २०२२ मध्ये पहिली अल्फा आवृत्ती आली. त्याच वर्षी जुलैअखेर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स ५.१९ प्रसिद्ध केले ते आसाही चालवणाऱ्या एम२ मॅकबुक एअरवरून. त्या वेळी ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्हता, पडद्यावरचे सगळे चित्र प्रोसेसरच काढत होता. ग्राफिक्सचे काम हे स्वतंत्र लेखाचे प्रकरण आहे: ॲलिसा रोझेनझ्वाइग यांनी जीपीयूची, म्हणजे चित्रे काढणाऱ्या प्रोसेसरची, सूचनाभाषा बाहेरून उलगडली, आसाही लीना या टोपणनावाने काम करणाऱ्या विकासकाने कर्नलमधला भाग रस्ट भाषेत लिहिला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये या ड्रायव्हरला ओपनजीएल ४.६ या ग्राफिक्सच्या मानकाचे अधिकृत प्रमाणन मिळाले. याच चिपवर मॅकओएसमधले ओपनजीएल ४.१ वर थांबलेले आहे. ज्याने चिप बनवली त्याच्यापेक्षा, एका मानकापुरते का होईना, पाहून शिकलेले पुढे गेले.

बसवण्याची क्रिया तशी सोपी आहे. मॅकओएसच्या टर्मिनलमध्ये एका ओळीची आज्ञा द्यायची. मग इन्स्टॉलर विचारत जातो आणि आपण उत्तरे देत जातो. चालू मॅकओएसचे पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा हिस्सा, चालूपणीच आक्रसून जागा काढली जाते, आणि त्या जागेत पहिली गोष्ट बसते ती लिनक्स नव्हे, तर सुमारे अडीच जीबीचे एक पोकळ मॅकओएस. सुरुवातीला मला हा अपव्यय वाटला. पण या यंत्राची बूट, म्हणजे सुरू होण्याची, व्यवस्था मॅकओएस सोडून दुसऱ्या कोणाला ओळखतच नाही, म्हणून लिनक्सला मॅकओएसचा मुखवटा चढवून दारात उभे राहावे लागते. हा मुखवटा तयार झाला की इन्स्टॉलर यंत्र पूर्ण बंद करायला, थोडे थांबायला आणि मग बटण दाबून धरायला सांगतो, आणि ही सूचना इतक्या ठळकपणे देतो की ती वाचूनही घाईघाईने बटण नुसतेच दाबणाऱ्या माझ्यासारख्यांची संख्या मोठी असावी अशी शंका येते.

पहिल्या खेपेला माझ्या हातून याहून मोठा घोटाळा झाला. लिनक्सला दिलेली जागा कमी पडली म्हणून ते काढून पुन्हा बसवावे असे ठरवले, आणि रात्री साडेअकरा वाजता, झोप डोळ्यांवर असताना, पार्टिशन हाताने पुसायला घेतले. या यंत्राच्या डिस्कवर अगदी सुरुवातीला अर्ध्या जीबीचे एक पार्टिशन असते, जे कोणत्याच सिस्टीमचे नसून खुद्द यंत्राच्या बूट व्यवस्थेचे असते. एका आकड्याची चूक झाली आणि मी तेच पुसले. त्यानंतर पडदा काळा. बटण दाबले, दाबून धरले, काही नाही. अशा वेळी ॲपलने सांगितलेली एकच वाट उरते: यंत्र डीएफयू या फर्मवेअर भरण्याच्या अवस्थेत नेऊन, यूएसबी-सी केबलने दुसऱ्या एखाद्या मॅकला जोडून सगळे नव्याने भरायचे. माझ्या घरी दुसरा मॅक नव्हता. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन लॅपटॉप केबलने जोडून आम्ही तासभर बसलो, तिच्या आईने मध्ये दोनदा ‘झालं का रे?’ विचारले, आणि यंत्र उठले ते कोऱ्या पाटीसारखे. बॅकअप होता म्हणून हे हसत लिहू शकतो. दोष कोणाचा म्हणाल, तर प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेत हे पार्टिशन पुसू नये असे स्पष्ट लिहिलेले आहे. मी ते नंतर वाचले.

आता बिऱ्हाड थाटले म्हणजे वाडा आपला झाला असे नव्हे. एम१ च्या पोटात मुख्य प्रोसेसरच्या जोडीला अनेक छोटे प्रोसेसर आहेत: डिस्क सांभाळणारा एक, पडद्याचा एक, जीपीयूचा एक, पासवर्ड आणि किल्ल्या जपणारा एक. या बहुतेकांवर ॲपलची स्वतःची छोटी बंद ऑपरेटिंग सिस्टीम चालते आणि लिनक्स त्यांच्याशी निरोपांच्या भाषेत बोलते. पडद्याचा को-प्रोसेसर तर विलक्षणच आहे. मॅकओएसचा ड्रायव्हर जणू मधोमध कापून अर्धा तिकडे ठेवला आहे आणि दोन अर्धी एकमेकांना सी++ ची फंक्शने लांबून हाका मारून बोलावतात. ही बोली फर्मवेअरच्या आवृत्तीगणिक बदलते. म्हणून त्या पोकळ मॅकओएसबरोबर लिनक्ससाठी फर्मवेअरची एक ठरावीक आवृत्ती, माझ्या यंत्रावर १३.५ ची, बांधून ठेवलेली असते आणि शेजारचे मॅकओएस कितीही पुढे गेले तरी ती हलत नाही. वायफायचे फर्मवेअर वाटण्याची परवानगी प्रकल्पाला नाही, तेव्हा इन्स्टॉलर ते यंत्रावरच्या मॅकओएसमधूनच उचलून लिनक्सच्या बूट पार्टिशनमध्ये ठेवतो.

या मुद्द्यावर माझे एक शुद्धतावादी मित्र मला चिडवतात. त्यांच्याकडे लिब्रेबूट हे मुक्त बूट फर्मवेअर घातलेला जुना थिंकपॅड एक्स२०० आहे आणि त्या बूट फर्मवेअरमध्ये एकही बंद बाइट नाही असा त्यांचा अभिमान आहे, जो मला मान्यही आहे. पण आजच्या नव्या इंटेल लॅपटॉपवर लिनक्स घालून ‘मी मुक्त झालो’ म्हणणारे जे असतात, त्यांच्या यंत्रात मॅनेजमेंट इंजिन नावाचा बंद प्रोसेसर मुख्य प्रोसेसरच्या आधीपासून जागा असतो आणि त्याची पोहोच फार खोलवर असते. एम१ मधले को-प्रोसेसर बंद असले तरी बहुतेकांच्या आणि मुख्य स्मृतीच्या मध्ये डार्ट नावाचा पहारेकरी उभा आहे, आणि कोणाला स्मृतीचा कोणता तुकडा दाखवायचा हे लिनक्स ठरवते. वाडा मालकाचा, जिन्याखालच्या खोल्यांत त्याचीच माणसे, हे खरे; पण माझ्या खोलीची कडी आतून आहे. मला एवढे पुरते. ज्यांना पुरत नाही त्यांनी एक्स२०० सांभाळावा, मात्र त्याची बॅटरी मिळते का ते आधी पाहावे.

या यंत्रावर लिनक्स चालवणे म्हणजे नेमके काय, हे मला सर्वांत नीट समजले ते स्पीकरमुळे. आसाहीची अल्फा आवृत्ती आल्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ मॅकबुकचे स्पीकर मुद्दाम बंद ठेवलेले होते. ड्रायव्हर तयार होता, आवाज निघत होता, तरीही सामान्य वापरकर्त्याला तो मिळत नव्हता, आणि बरेच लोक त्यावर वैतागत. कारण असे की या लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरांना ॲम्प्लिफायर त्यांना सतत सोसेल त्याहून कितीतरी जास्त शक्ती देऊ शकतो. तबल्याची एक थाप किंवा ढोलाचा एक ठोका यांपुरती ती क्षणभर दिली तर आवाज भरदार येतो. पण तीच शक्ती काही सेकंद सलग राहिली तर आतल्या केसासारख्या तारेचे वेटोळे तापून स्पीकर कायमचा जातो. त्याला वाचवण्याचे काम हार्डवेअर करत नाही, मॅकओएस करते. ॲम्प्लिफायर दर क्षणी व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह मोजून कळवत असतो, त्यावरून वेटोळ्याचे तापमान अंदाजले जाते आणि ते मर्यादेजवळ आले की आवाज हळूच उतरवला जातो.

म्हणजे लिनक्सवाल्यांना आवाज काढायचा नव्हता, तापमानाचे गणित लिहायचे होते. ते रस्टमध्ये लिहिले गेले, आणि तो पहारेकरी प्रोग्रॅम काही कारणाने बंद पडला तर कर्नल आवाज सुरक्षित पातळीच्या वर जाऊच देत नाही. त्यावर दुसरे काम होते गोडव्याचे. ॲपलच्या स्पीकरचा नावाजलेला आवाज हा बराचसा सॉफ्टवेअरने घडवलेला असतो. कच्चा ऐकला तर तो डब्यातून आल्यासारखा वाटतो. म्हणून प्रत्येक मॉडेलचा आवाज मोजून त्याच्यासाठी वेगळे फिल्टर तयार केले गेले, आणि खर्जासाठी एक युक्ती केली गेली. जो खालचा स्वर हा स्पीकर काढूच शकत नाही, त्याचे वरचे उपस्वर वाढवून दिले की कान मूळ स्वर आपोआप भरून घेतो. हे वाचल्यावर मी आधी फिल्टर बंद करून आणि मग चालू करून तबल्याचे एकच ध्वनिमुद्रण चार वेळा ऐकले. बंद असताना चाटीचा ‘ना’ टणक ऐकू येत होता आणि डाव्याचा नुसता फट्ट आवाज. चालू केल्यावर डाव्याचा घुमारा आला, तळहात पुढे सरकवल्यावर तो वर चढतो तो सुद्धा. तो स्वर त्या यंत्रातून बाहेर पडतच नव्हता, हे ठाऊक असूनही मला तो ऐकू येत होता.

एका अडचणीने मला हार्डवेअरपेक्षा सॉफ्टवेअरविषयी जास्त शिकवले. एम१ चा प्रोसेसर ४ केबीची आणि १६ केबीची अशी दोन्ही मापांची मेमरी पाने, म्हणजे स्मृती वाटण्याचे ठरावीक तुकडे, हाताळतो, पण मघाचा तो डार्ट फक्त १६ केबीचीच जाणतो, म्हणून आसाहीचा कर्नल १६ केबीवर चालतो. पान ४ केबीचेच असणार असे गृहीत धरून लिहिलेले प्रोग्रॅम त्यामुळे सुरुवातीला कोसळत. ज्यांचा स्रोत खुला होता ते दुरुस्त होऊन पुन्हा कंपाइल झाले आणि विषय मिटला. फेडोराच्या भांडारातले जे जे मी रोज वापरतो, लिबरऑफिसपासून मराठी टंकलेखनाच्या आयबसपर्यंत, ते या यंत्रावर आहे हे मला वेगळे जाणवतही नाही. विंडोजसाठीचे खेळ मात्र ४ केबीच्या पानांची एक छोटी आभासी यंत्रणा उभी करून तिच्यात चालवावे लागतात. आणि माझी डिजिटल सहीची यूएसबी किल्ली, जी विवरणपत्रे भरायला लागते, ती इथे निव्वळ शोभेची वस्तू आहे, कारण तिच्या बनवणाऱ्याने लिनक्सचा ड्रायव्हर दिला आहे खरा, पण फक्त इंटेल घराण्याच्या प्रोसेसरसाठी. मी विनंतीची दोन पत्रे पाठवली. दोन्हींना उत्तर आले की विंडोज वापरावे.

बाकी उणिवा थोडक्यात सांगतो. बोटाचा ठसा लिनक्सवर चालत नाही, थंडरबोल्ट ही वेगवान जोडणी चालत नाही, आणि झाकण मिटून रात्रभर ठेवले तर बॅटरी मॅकओएसपेक्षा स्पष्टपणे जास्त उतरते. नव्या चिपांचे म्हणाल, तर इन्स्टॉलर एम१ आणि एम२ पर्यंतच घेऊन जातो. एम३ मध्ये जीपीयू बराच बदलला, आणि कागद न देता चिप बदलली की पाहून शिकणाऱ्यांना पाटी पुन्हा पुसावी लागते. माणसेही थकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये हेक्टर मार्टिन यांनी प्रकल्पाचे नेतृत्व सोडले. कर्नलमधल्या रस्टला होणारा विरोध आणि ‘अमुक कधी येणार, तमुक का नाही’ असा वापरकर्त्यांचा न संपणारा तगादा, या दोन्हींचा शीण त्यांनी बोलून दाखवला. काम आता काही जण मिळून पाहतात आणि त्यांनी आपले बरेचसे बदल मुख्य कर्नलमध्ये पोचवण्यावर भर दिला आहे, जे मला नव्या चिपच्या आधारापेक्षाही महत्त्वाचे वाटते, कारण मुख्य कर्नलमध्ये गेलेले काम एका माणसाच्या थकण्याने बुडत नाही. ते वृत्त वाचले त्या दिवशी मी महिन्याची वर्गणी सुरू केली. तोवर, स्पीकर वापरून वर्ष उलटले तरी, मी दिलेली नव्हती.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या ग्रंथालयात मुलांना मराठी युनिकोडविषयी काही दाखवायचे होते. सगळी तयारी फेडोरावर केली होती, आणि प्रोजेक्टरची तार हातात घेतल्यावर आठवले की माझ्या नेहमीच्या कर्नलवर यूएसबी-सीतून बाहेरच्या पडद्यावर चित्र जात नाही. पंचवीस मुले सतरंजीवर बसून माझ्याकडे पाहत होती. मी यंत्र बंद केले, थोडा थांबलो, बटण दाबून धरले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, ‘काका, बिघडला का?’ मी म्हटले, ‘नाही गं, मालकाला बोलावतोय.’